उलाळ गाडी आणि पाण्यावरची फळी

परवा ताईचा फोन आला. भाच्याच्या पोटरीला सात टाके पडलेत. तो सॅन दिएगोला नोकरी करतो आणि सध्या हायड्रोफॉइल बोर्ड नावाच्या प्रकारावर उभं राहायला शिकतोय. फळीखाली उभा दांडा, त्याच्या टोकाला विमानासारखे पंख. वेग आला की पंख पाण्यातून उचल देतात आणि फळी, वरच्या माणसासकट, हवेत! "तू मामा ना त्याचा? सोडून दे म्हणावं हे," ताई म्हणाली. म्हटलं, आधी हे आहे तरी काय ते वाचू. आणि वाचतच बसलो :-)

मजा अशी की हे खूळ नवं नाहीच. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनीने 1906 साली माज्जोरे तलावावर अशी होडी ताशी सुमारे 68 कि.मी. वेगाने पळवली. तिचे पंख शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक होते. होडी उठली की वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर यायच्या, उचल कमी व्हायची, होडी आपोआप बेतात राहायची. 1911 मध्ये टेलिफोनवाले ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन तिथे जाऊन त्या होडीत बसून आले. त्यांच्याही एचडी-4 ला शिडीचेच पंख. 9 सप्टेंबर 1919 ला कॅनडात नोव्हा स्कोशियाला ती ताशी 114 कि.मी. पर्यंत गेली! 1953 मध्ये त्याच माज्जोरे तलावावर हान्स फॉन शेर्टेल यांच्या बोटीतून प्रवासी जाऊ लागले. तिचे पंख व्ही आकाराचे. बोट कलली की खालच्या बाजूचा जास्त पंख पाण्यात जायचा आणि तीच बाजू वर ढकलली जायची.

म्हणजे तोल सांभाळणं हे तेव्हा पंखांचं काम होतं. भाच्याच्या फळीचे पंख मात्र पूर्ण बुडालेले असतात, ते स्वतःहून काही सावरत नाहीत. ते काम आलं त्याच्या पायांवर. (1990 च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या एअर चेअरवर निदान बसायची तरी सोय होती. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर शीड आणि पतंग लावलेल्या अशा फळ्यांच्या शर्यतीच झाल्या.)

हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. लोणी काळभोरहून थेऊरचा यशवंत कारखाना चालू असताना त्यांनी उसाच्या गाड्या कितीतरी वर्षं नेल्यात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी नातवाला एकच विचारलं, "उलाळ होतीया का पुढं जड?"

शहरातल्या वाचकांसाठी: ओझं चाकांच्या मागे जास्त झालं की गाडीचा पुढचा भाग वर उचलतो, जू वर जातं आणि बैलांचा गळा आवळतो. ती उलाळ गाडी. ओझं पुढे जास्त झालं तर सगळा भार मानेवर.

"तोंड एकदम वर जातं, आणि मी पाठीवर पडतो."

"म्हंजे उलाळ. आम्ही ऊस पुढं सारायचो. तुला पुढं सरकता येत नसंल, तर चाकच मागं घे."

चाक म्हणजे पंख. आणि खरंच, फळीखाली खाच असते, त्यात दांडा पुढेमागे सरकवता येतो! मागे घेतला की तोंड खाली राहतं. जास्त घेतला तर फळी उठतच नाही. मी वाचलेलं जोडून दिलं: पुढचा पंख मोठा घे, कमी वेगात उठेल; दांडा आखूड घे, कमी उंचीवरून पडशील; मागच्या छोट्या पंखाची पाचर सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळायचं नाही.

टाके गुरुवारी निघाले. शनिवारी त्याने दांडा दोन बोटं मागे घेतला आणि जवळपास अर्धा मिनिट हवेत राहिला. ताईला अजून सांगितलेलं नाही. ती हा ब्लॉग वाचते, हे आत्ता लक्षात आलं...