वाकोल्याचा नाला आणि प्राचलांची फाइल

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्यात मात्र जेमतेम ७३ मिलिमीटर. वाकोल्याचा नाला मिठी नदीला मिळतो आणि मिठी माहीमच्या खाडीला. त्यामुळे येथे पाणी किती चढेल, हे पाऊस, नाल्याची वहनक्षमता आणि भरती या तिन्हींवर ठरते. हे गणित संगणकावर मांडू गेल्यास प्राचले, म्हणजे प्रारूपाला पुरवावयाचे आकडे, शेकड्यांनी जमतात.

या कामासाठी जगभर वापरले जाणारे 'स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल' अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७१ मध्ये प्रथम विकसित केले. ते मोफत मिळते. आज्ञा टंकून ते चालविताना केवळ तीन फाइलींची नावे द्यावी लागतात : निविष्टी, अहवाल आणि फलिते. इतके आकडे आज्ञेच्या ओळीतच कोंबले, तर त्यांचा क्रम चुकतो आणि कोणत्या आकड्यांवरून कोणते उत्तर आले, याचा माग उरत नाही. म्हणून पाणलोटाचे तुकडे, त्यांचा उतार, जमिनीत मुरणारे पाणी, नाल्याचा छेद, तळाचा खडबडीतपणा, मुखाशी भरतीची पातळी, हे सारे निविष्टीच्या साध्या मजकूर फाइलीत विभागवार लिहिले जाते. अर्धविरामापुढचा मजकूर आज्ञावली वाचत नाही. अमुक आकडा कोठून घेतला, याची नोंद तेथे करावी. ही सोय क्षुल्लक वाटते, पण वर्षभराने तीच कामास येते.

खरा धोका न लिहिलेल्या प्राचलांचा. प्रवाहाचे एकक द्यावयाचे राहिले, तर आज्ञावली घनफूट प्रतिसेकंद गृहीत धरते. मग मीटरमधील खोली फुटांत आणि मिलिमीटरमधील पाऊस इंचांत वाचला जातो. पाणलोटाच्या प्रत्येक तुकड्यापुढे पर्जन्यमापकाचे नाव असते. ते फाइलीत कोठेच नसेल, तर आज्ञावली चूक दाखवून थांबते. पण वाकोल्यापुढे सांताक्रूझऐवजी कुलाबा लिहिले गेले, तर ती निमूटपणे चालते आणि त्या जुलैतही नाला काठाच्या आत दाखविते. संगणक आकड्यांचे रूप तपासतो, खरेपणा नव्हे.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधल्या होत्या. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ५० मिलिमीटरची शिफारस केली. हे दोन पाऊस, भरतीच्या चार पातळ्या आणि खडबडीतपणाचे तीन आकडे घेतले, की चोवीस फेऱ्या होतात. त्यासाठी मूळ फाइलीला हात लावू नये. एखाद्या छोट्या आज्ञावलीने तिच्या प्रती काढून प्रत्येकीत ठरलेले आकडेच बदलावेत आणि फलिते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत. अहवालात निविष्टीचा गोषवारा आपोआप येत नाही, तो मागावा लागतो. तेव्हा वापरलेली निविष्टी फाइल आणि आज्ञावलीचा आवृत्तीक्रमांक त्याच फोल्डरमध्ये असलेले बरे.