एक मॉनिटर, दोन संगणक

ऑफिसचा लॅपटॉप आणि स्वतःचा संगणक अशी दोन यंत्रे, आणि टेबलावर मॉनिटर मात्र एकच. २०२० च्या टाळेबंदीनंतर पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत ही मांडणी कायमची झाली. मग काही शे रुपयांचा एचडीएमआय स्विच मागवला जातो. बटण दाबले की मॉनिटर काळा पडतो. चित्र काही सेकंदांनी येते, कधी येतच नाही. आले तर अक्षरे फुगलेली, आणि उघड्या विंडो सगळ्या लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर जाऊन बसलेल्या. शेवटी केबल उपसून पुन्हा खोचायची. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूने रोज असे छळावे, याची चीड येणे अगदी रास्त आहे. पण दोष नेमका कुठे आहे हे कळायला या डबीचे कूळ पाहावे लागते.

तिचा पूर्वज म्हणजे गोल नॉब असलेला पत्र्याचा डबा. एकच प्रिंटर दोन संगणकांना पुरवायला तो वापरत. नॉब फिरवला की सगळ्या तारा एका बाजूने सुटून दुसरीकडे जोडल्या जात. आत ना चिप, ना विजेची गरज. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ संगणकांबरोबर १५ पिनांची व्हीजीए जोडणी आणली, तेव्हा हीच युक्ती मॉनिटरलाही चालली. कारण तो मॉनिटर जवळजवळ मुका होता. आपण रंगीत आहोत की कृष्णधवल, एवढी जुजबी ओळख तो दोन-तीन पिनांवरून देई. बाकी संगणकाने धाडलेले चित्र मुकाट दाखवी. तारा तुटल्या-जुळल्याचे संगणकाला कळतही नसे.

अडचण आधी आली ती कीबोर्डची. सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही, तर त्या काळचे संगणक तक्रार करून तिथेच थांबत. सर्व्हरच्या खोलीत रांगेने उभ्या यंत्रांना एकच कीबोर्ड, एकच मॉनिटर आणि एकच माउस पुरवायचा, तर साधा नॉब अपुरा पडला. म्हणून कीबोर्ड जोडलेलाच आहे असे प्रत्येक संगणकाला सतत भासवणारी चिप स्विचमध्ये आली. अमेरिकेत अलाबामातल्या हंट्सव्हिल इथल्या सायबेक्स कंपनीचे संस्थापक रेमिजियस शटास यांनी १९९५ मध्ये या यंत्राला केव्हीएम हे नाव दिले. ही यंत्रे महाग होती. पण स्विचने तारा तर बदलाव्यातच, शिवाय पाठ फिरवलेल्या संगणकाची समजूतही राखावी, हा या घराण्याचा सर्वांत मोलाचा धडा तिथे शिकला गेला.

दरम्यान मॉनिटर बोलू लागला होता. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये डीडीसी हे मानक आणले. त्यात मॉनिटर आपली ओळख, आकार आणि झेपणारी रिझोल्यूशन १२८ बाइटच्या एका टिपणात संगणकाला कळवतो. या टिपणाला ईडीआयडी म्हणतात. २००२ च्या अखेरीस आलेल्या एचडीएमआयमध्ये १९ व्या पिनेवर मॉनिटर आपली हजेरीही लावतो. शिवाय चोरटी नक्कल रोखणारी एचडीसीपीची तपासणी आहे. संरक्षित चित्रपट दाखवण्याआधी दोन्ही टोके एकमेकांना पारखतात.

आता स्वस्त डबी काय करते ते पाहा. बटण दाबताच ती पहिल्या संगणकाची हजेरीची तार तोडते. त्याच्या लेखी मॉनिटर काढून नेला गेला, म्हणून तो विंडो आवरून स्वतःच्या स्क्रीनवर घेतो. परत त्याच्याकडे वळलात की टिपणाचे वाचन आणि तपासणी पहिल्यापासून. वाचन फसले, तर संगणक हमखास चालेल असे कमी रिझोल्यूशन निवडतो. फुगलेली अक्षरे तिथून येतात. त्यातच पुष्कळ डब्यांना वेगळा अॅडॉप्टर नसतो. एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या तारेवर फक्त ५५ मिलिअँपिअरची हमी असते, आणि तेवढ्यावर त्या भागवतात. खोक्यावरचे ‘४के’ खरे असले तरी आतली चिप २००९ च्या १.४ आवृत्तीची असेल, तर सेकंदाला ३० च चित्रे मिळतात आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. ६० चित्रांना २०१३ ची २.० आवृत्ती लागते.

पत्र्याच्या डब्याचे काम प्लॅस्टिकच्या डबीत घालून ते आजच्या मॉनिटरसाठी विकणे, ही माझ्या मते ग्राहकाची फसवणूक आहे. केव्हीएमवाल्यांना जे कळले होते, ते पैसे वाचवायला गाळलेले आहे. चांगला स्विच मॉनिटरचे टिपण स्वतःजवळ ठेवतो आणि दोन्ही संगणकांना हजेरी चालू दाखवतो. म्हणून घेताना वर्णनात ‘ईडीआयडी इम्युलेशन’ आणि ‘४के ६० हर्ट्झ’ हे दोन्ही शब्द शोधा. नसतील तर घेऊ नका.

त्याहीआधी मॉनिटरच्या मागे पाहा. दोन इनपुट असतील, तर दोन्ही संगणक थेट जोडा आणि मेन्यूत ‘डीडीसी/सीआय’ चालू करा. १९९८ पासूनच्या या मानकामुळे अनेक मॉनिटरचे इनपुट संगणकावरूनच बदलता येते; लिनक्सवर त्यासाठी डीडीसीयुटिल हा मोफत प्रोग्रॅम आहे. तेवढ्याने काम झाले, तर डबी विकत घ्यायची गरजच नाही.