‘ड्रॅगन क्वेस्ट’चा श्रीगणेशा कोठें करावा?

जपानांत २७ मे १९८६ रोजीं ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नांवाचा एक व्हिडिओ गेम विक्रीस आला. २०१७ सालापर्यंत त्या मालेचे अकरा क्रमांकित भाग निघाले; उपशाखांचें जें रान माजलें तें निराळेंच. ज्या घरांतून असले खेळ खेळले जातात तेथील मुलें, आणि हल्लीं त्यांचे आईबापहि, विचारूं लागले आहेत कीं एवढ्या मोठ्या मालेचा श्रीगणेशा कोठें करावा? प्रश्न करमणुकीचा आहे, म्हणून तो क्षुल्लक, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ह्या मालेंत एक गोष्ट अशी आहे कीं, ती योग्य क्रमानें गेल्यासच अनुभवास येते, आणि एकदां हुकली म्हणजे मागाहून कितीहि खटपट केली तरी हातीं लागत नाहीं.

मौज अशी कीं, आरंभ कोठून करावा हाच प्रश्न मालेच्या कर्त्यापुढेंहि होता. खेळणारानें कथेंतील एका पात्राची भूमिका घ्यावयाची, गांवोगांव हिंडून लोकांशीं बोलावयाचें, शत्रूशीं लढून हळूहळू बळ वाढवावयाचें, ह्या जातीच्या खेळास रोल-प्लेइंग म्हणतात. संगणकावर हे खेळ अमेरिकेंत रूढ झाले. ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे त्यांतले दोन प्रमुख, दोन्ही १९८१ सालचे. युजी होरी ह्या जपानी लेखकास त्यांची गोडी लागली. परंतु जपानांत घरोघर होता तो संगणक नव्हे, तर १९८३ सालीं निघालेला निन्टेन्डोचा फॅमिकॉम; आणि तो हाताळणारीं बहुतेक मुलें उड्या मारण्याच्या व गोळ्या झाडण्याच्या खेळांना सरावलेलीं. ज्यांत धांवपळ नाहीं, वाचन मात्र पुष्कळ आहे, असा खेळ त्यांच्या गळीं उतरवावयाचा कसा?

होरींनीं काढलेली युक्ति शिक्षकांनींहि अभ्यासावी अशी आहे. खेळ उघडतो तो राजाच्या दालनांत, आणि दालनाचें दार बंद असतें. तेथें कांहीं पेट्या ठेविलेल्या आहेत. त्या उघडण्याची आज्ञा शिकल्यावांचून किल्ली मिळत नाहीं; किल्ली वापरल्यावांचून दार उघडत नाहीं; आणि त्या पहिल्या आवृत्तींत जिना उतरण्यासाठींहि निराळी आज्ञा द्यावी लागे. म्हणजे बाहेरच्या जगांत पाऊल टाकण्यापूर्वींच मुलाची मुळाक्षरें गिरवून झालेलीं असत. पुढें लढाईंतहि नायक एक आणि शत्रूहि एका वेळीं एकच. सोबत्यांचा जमाव होरींनीं दुसऱ्या खेळासाठीं राखून ठेविला. किल्ल्याबाहेर येतांच पलीकडच्या बेटावर शत्रूचा गड डोळ्यांसमोर दिसतो. शेवट कोठें आहे हें पहिल्याच मिनिटास कळतें. मधलें पाणी ओलांडावयाचें कसें, हा सारा खेळ.

हें सर्व ६४ किलोबाइटांत बसविलेलें होतें. आजच्या फोनवर काढलेल्या एका छायाचित्रास ह्याहून कितीतरी अधिक जागा लागते. जागेच्या टंचाईमुळें पात्रांच्या पाठमोऱ्या आकृति काढतां आल्या नाहींत, म्हणून सारी मंडळी सदा समोर तोंड करून खेकड्यासारखीं चालतात. आज्ञावली लिहिणारा कोइची नाकामुरा तेव्हां जेमतेम एकवीस वर्षांचा होता. चित्रें काढलीं अकिरा तोरियामा ह्यांनीं. होरींनीं कागदावर केलेला एक ओघळता चिखलाचा गोळा तोरियामांच्या हातून पाण्याच्या थेंबासारखा हंसरा ‘स्लाइम’ होऊन आला, आणि तोच पुढें मालेची खूण होऊन बसला.

संगीताची हकीकत त्याहून मौजेची आहे. कोइची सुगियामा हे पंचावन्न वर्षांचे प्रतिष्ठित संगीतकार. प्रकाशक एनिक्स ह्यांच्या एका शोगीच्या (जपानी बुद्धिबळाच्या) खेळासोबत आलेलें अभिप्रायाचें कार्ड त्यांनीं भरून धाडलें, तें पाहून कंपनीनें त्यांस गांठलें. त्यांनीं रचलेलें प्रारंभीचें कूच आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलें आहे, मात्र त्यांस तें ठाऊक नसेल: २३ जुलै २०२१ रोजीं टोकियोच्या ऑलिंपिक उद्घाटनांत खेळाडूंच्या संचलनास त्याच सुरांनीं आरंभ झाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत सुगियामा वारले. तोरियामा २०२४ च्या मार्चांत गेले.

दुसरा भाग १९८७ च्या जानेवारींत आला. त्यांत पहिल्या नायकाचे तीन वंशज एकत्र निघतात. हा भाग आम्ही कोणास आग्रहानें सांगत नाहीं. तो घाईनें झाला आहे, आणि त्याचा उत्तरार्ध निष्कारण कठोर आहे. त्या काळीं खेळ अर्धवट थांबवावयाचा झाल्यास पडद्यावर एक लांबलचक ‘मंत्र’ येई. तो वहींत उतरून घ्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं जसाच्या तसा भरावयाचा. पहिल्या खेळांत त्याचीं अक्षरें वीस होतीं. दुसऱ्यांत तीं बावन्नपर्यंत गेलीं. एक अक्षर चुकलें कीं आठवडाभराची मेहनत व्यर्थ! जपानांतील एका सबंध पिढीस शुद्धलेखनाचें महत्त्व पटविण्याचें श्रेय ह्या मंत्रास द्यावयास हरकत नाहीं.

तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजीं, म्हणजे बुधवारीं, निघाला. दुकानांपुढें रात्रीपासून रांगा लागल्या, शाळा बुडवून आलेलीं मुलें पोलिसांनीं पकडलीं, आणि पहिल्याच दिवशीं दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ह्यानंतर असा खेळ कामाच्या दिवशीं विकूं नये असा जपानांत कायदा झाला, ही गोष्ट पाश्चात्त्य देशांत अजून सांगतात. ती दंतकथा आहे. असा कायदा कधींहि झाला नाहीं.

आतां आरंभीं म्हटलेल्या गोष्टीकडे वळूं. पहिल्या खेळांत लोतो नांवाच्या कोणा प्राचीन वीराचा उल्लेख पदोपदीं येतो. त्याची गुहा लागते, चिलखत सांपडतें, तलवार सांपडते. खेळणारास तें सारें जुन्या पोवाड्यांतल्यासारखें वाटतें, आणि तो तें तसेंच सोडून देतो. पुढें तिसऱ्या खेळाच्या उत्तरार्धांत एक क्षण असा येतो कीं, ज्यानें पहिला खेळ खेळला आहे तो हातांतलें यंत्र खालीं ठेवून स्तब्ध बसतो. तेथें काय उघड होतें तें लिहून वाचकांचा घात करण्याची आमची इच्छा नाहीं. पहिला न खेळलेल्यासहि तेथें सर्व कांहीं दिसतें, पण तें त्याला केवळ कथेचें एक वळण वाटतें.

म्हणून प्रकाशकांच्या हल्लींच्या क्रमाशीं आमचा मतभेद आहे. त्यांनीं तिसऱ्याची नवी सुंदर आवृत्ति नोव्हेंबर २०२४ मध्यें आधीं काढली, आणि पहिल्या-दुसऱ्याची ऑक्टोबर २०२५ मध्यें मागाहून. ह्या उलट्या क्रमास त्यांच्यापाशीं कारण आहे, तें चतुर वाचक ताडतीलच. परंतु नवख्यास तो क्रम देणें म्हणजे त्याला नाटकाच्या पांचव्या अंकापासून बसविण्यासारखें आहे. आमच्या मतें पहिला खेळ त्याच्या साध्या रूपांत घ्यावा. तो इंग्रजींत २०१४ सालीं मोबाइलवर व २०१९ सालीं निन्टेन्डो स्विचवर आला. थोड्या रविवारांत तो संपतो. त्यानंतर तिसरा २०२४ च्या नव्या रूपांत खुशाल घ्यावा. पहिल्याच्या २०२५ च्या आवृत्तींत जुन्या कथेंत बरीच भर घातलेली आहे. ती शेवटीं पाहावी.

इंग्रजी वाचणारांचा ह्या बाबतींत गोंधळ होतो त्याचें कारणहि इतिहासांतच आहे. अमेरिकेंत माला १९८९ सालीं ‘ड्रॅगन वॉरियर’ ह्या नांवानें गेली, कारण मूळ नांव तेथें दुसऱ्याच एका खेळाचें होतें. चार भाग पोहोंचले. पांचवा व सहावा आलेच नाहींत. एकदम सातवा आला. १९९२ सालीं जपानांत निघालेला पांचवा इंग्रजींत अवतरला तो २००९ सालीं! इतक्या विसकळित रीतीनें जी माला हातीं आली, तिचा जो भाग ज्याला प्रथम मिळाला तोच आरंभ, असें प्रत्येकजण सांगतो ह्यांत नवल नाहीं.

२०१२ सालचा दहावा भाग नवख्यानें दूर ठेवावा. तो अनेकांनीं इंटरनेटवर एकत्र खेळावयाचा असून जपानी भाषेवांचून त्यांत गति नाहीं. २००४ चा आठवा विस्तीर्ण आणि प्रसन्न आहे, व त्यास मागचें कांहींच ठाऊक असावें लागत नाहीं. अकराव्याची शिफारस सर्वत्र होते, आणि तो सोपा व देखणा आहे हें खरें. पण त्याच्या अखेरीस जुन्या खेळांची जी ओळख दिली आहे, ती जुनें न पाहिलेल्यास फुकट जाते. सर्वांत शेवटीं खावयाचें पक्वान्न पहिल्या घांसास वाढण्यांत काय अर्थ?

मात्र ज्याला आयुष्यांत ह्या मालेंतला एकच खेळ खेळावयाचा आहे, आणि असे गृहस्थ पुष्कळ असतात, त्यानें सरळ पांचवा घ्यावा. त्यांत नायक प्रथम बापाचें बोट धरून हिंडणारा सहा वर्षांचा पोर असतो. मग तो मोठा होतो, पुष्कळ सोसतो, लग्न करतो, आणि स्वतः बाप होतो. सबंध एका आयुष्याची कथा त्या काळच्या व्हिडिओ गेमांत विरळाच. वधू निवडण्याचा प्रसंग आला म्हणजे एकीकडे धनवान घरची शालीन फ्लोरा, दुसरीकडे बालपणीची सोबतीण बियांका. २००८ च्या आवृत्तींत तिसरी डेबोराहि उभी केली आहे. फ्लोराशीं लग्न केल्यास सासरहून चांगला आहेर मिळतो, आणि व्यवहार पाहणारे तोच मार्ग सुचवितात. आम्ही हा प्रसंग दोनदां खेळलों. दोन्ही वेळां बियांकास नाहीं म्हणणें आम्हांस जमलें नाहीं.