१३० डॉलरचा सुपरमॅन

सुपरमॅनला सुरुवातीला उडता येत नव्हतं. जून १९३८ची तारीख असलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो अवतरला, तेव्हा तो नुसत्या उड्या मारायचा. उडी चांगली फर्लांगभराची, पण उडीच. त्याला खऱ्या अर्थाने हवेत नेलं ते रेडिओने आणि कार्टूनपटांनी. फेब्रुवारी १९४०मध्ये अमेरिकन रेडिओवर त्याची मालिका सुरू झाली. बातमीदार क्लार्क केंटचा सुपरमॅन होतो, हे ऐकणाऱ्याला दाखवायचं कसं? बड कॉलियर या नटाने युक्ती केली. बोलता बोलता एकाच वाक्यात तो आवाज खालच्या पट्टीत आणायचा आणि पुढे वाऱ्याचा घोंगाट यायचा. कचेरीतला पोरगा जिमी ओल्सन, संपादक पेरी व्हाइट आणि सुपरमॅनला हतबल करणारा क्रिप्टोनाइट नावाचा दगड हे सगळे आधी रेडिओवर आले आणि मग चित्रकथेत गेले. रेडिओवरून बोलतो आहे म्हणून मी रेडिओची भलामण करतो आहे, असं श्रोत्यांनी समजू नये. हा इतिहास आहे.

म्हणूनच सुपरमॅनचा सिनेमा मूळ पुस्तकाशी कितपत इमान राखतो, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. मूळ म्हणजे कोणतं? मी कवी आहे, कवितांचे अनुवाद करण्याची खटपटही करत असतो. शब्द जागच्या जागी बसले आणि कविता मात्र निघून गेली, असा अनुभव नेहमीचा. झगा, छातीवरचं अक्षर, कपाळावरची बट हे सिनेमावाले सहज उचलतात. उचलायचं असतं ते काही वेगळंच.

ते काय, हे कळायला क्लीव्हलँडला जावं लागतं. जेरी सीगल आणि जो शूस्टर, दोघेही १९१४ सालचे. दोघेही युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. सीगलच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. १९३२ साली दुकानात चोर शिरले आणि त्या झटापटीत वडील तिथेच कोसळून वारले. शूस्टरचे वडील शिंपी. मंदीचे दिवस. सीगल लिहायचा, शूस्टर चित्रं काढायचा, आणि प्रकाशकांकडून नकार यायचे. अखेर १९३८ साली तेरा पानांची गोष्ट घेतली गेली. पानाला दहा डॉलर या हिशेबाने १३० डॉलर हातात पडले आणि सुपरमॅनवरचे सगळे हक्क गेले. इतर कामाच्या पैशांसह ती रक्कम ज्या ४१२ डॉलरच्या धनादेशात होती, तो कागद २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला. तोवर दोघेही हयात नव्हते.

आता त्या पहिल्या गोष्टीत सुपरमॅन करतो काय? नाहक विजेच्या खुर्चीकडे निघालेल्या बाईसाठी तो रात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला आपटतो. राजधानीत एका सिनेटरला विकत घेऊ पाहणाऱ्या दलालाला उचलून तारांवरून धावत सुटतो. दुसऱ्या अंकात तो शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराला रणांगणावर शिपाई म्हणून नेऊन उभं करतो. लढणाऱ्या दोन सेनापतींना समोरासमोर आणून म्हणतो, तुम्ही दोघंच लढा. तेव्हा आपण कशासाठी लढतो आहोत, हेच त्यांना सांगता येत नाही. तिसऱ्या अंकातली गोष्ट माझी सर्वांत आवडती. खाणीत अपघात होतो, परदेशातून पोट भरायला आलेला एक मजूर कायमचा अधू होतो आणि मालक हात झटकतो. सुपरमॅन मजुराच्या वेशात शिरतो, मालकाच्या मेजवानीतले पाहुणे गंमत म्हणून खाणीत उतरतात तेव्हा दरड पाडतो आणि त्या रेशमी कपड्यांतल्या मंडळींना हाताने माती उकरायला लावतो. या सुपरमॅनचे शत्रू परग्रहावरचे नव्हते, घरमालक-खाणमालक होते. बापाच्या दुकानात चोर शिरलेल्या पोराने स्वप्नात पाहावा, असा हा नायक.

तो फार टिकला नाही. विक्री वाढली तसे संपादक सावध झाले. दोनेक वर्षांत त्याची धार बोथट झाली, मग महायुद्ध आलं. १९४०च्या फेब्रुवारीत 'लुक' नियतकालिकासाठी या दोघांनी दोन पानं काढली. त्यांत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिनला मानेला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभं करतो. नाझींच्या एसएस संघटनेच्या वृत्तपत्राने सीगलचा ज्यू म्हणून उद्धार केला. टीका झोंबली होती, हे उघड आहे.

चित्रकथेने टाकून दिलेला राग पुन्हा उचलला तो रेडिओनेच. १९४६च्या उन्हाळ्यात सोळा भागांची एक कथा प्रसारित झाली. चिनी वंशाचा एक मुलगा बेसबॉलच्या संघात चांगला खेळतो, म्हणून बुरखेधारी टोळी त्याच्या घरासमोर जळता क्रूस रोवते. टोळीचं नाव बदललेलं होतं, तरी 'कू क्लक्स क्लॅन' कोणाला ओळखता आली नसेल?

पडद्यावर १९४८ साली कर्क अ‍ॅलिन आला. त्याला उडवायचं तर चित्रकाराने रेखाटलेला माणूस वापरायचे. पण १९५१ सालचा 'सुपरमॅन अँड द मोल मेन' मात्र पाहण्यासारखा आहे. तासाभराचा, काटकसरीत काढलेला. तेलाच्या खोल विहिरीतून काही बुटकी, वेगळी दिसणारी माणसं वर येतात. गाव बिथरतं, बंदुका घेऊन जमाव निघतो. जॉर्ज रीव्ह्जचा सुपरमॅन त्या जमावासमोर उभा राहतो. मूळ पुस्तकात ही गोष्ट नाही. तरीही मी तिला सर्वांत इमानी रूपांतर म्हणेन.

१९७८चा रिचर्ड डॉनरचा चित्रपट सर्वांना ठाऊक आहे. त्यात ख्रिस्तोफर रीव्ह लॉइसच्या घरी चष्मा काढतो, खांदे सरळ करतो, खरं सांगायला तोंड उघडतो, आणि पुन्हा वाकून क्लार्क होतो. कॉलियरने आवाजाने केलं, ते रीव्हने पाठीच्या कण्याने केलं. शेवटी पृथ्वी उलटी फिरवायची करामत मला कधीच पटली नाही. खलनायक मात्र बरोबर आहे. त्याचा सगळा डाव जमिनीच्या भावाचा आहे. या चित्रपटात थोडा वेळ दिसण्याचे मार्लन ब्रँडोला सुमारे सदतीस लाख डॉलर मिळाले. त्याच्या तीन वर्षं आधी सीगलने वर्तमानपत्रांना जाहीर पत्र लिहिलं होतं, शूस्टरची दृष्टी अधू झाली होती. व्यंगचित्रकार मंडळी पाठीशी उभी राहिली, तेव्हा डिसेंबर १९७५मध्ये कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर आणि नामोल्लेख द्यायचं कबूल केलं. म्हणून त्या चित्रपटात त्यांची नावं दिसतात.

२०१३च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅन खलनायकाची मान मोडतो, यावर बरंच रण माजलं. १९८८च्या चित्रकथेतही त्याने तीन गुन्हेगारांना देहदंड दिला होता, त्यामुळे तो पुरावा टिकत नाही. मला खुपलं ते दुसरंच. अर्धं शहर कोसळतं, आणि ढिगाऱ्याखाली कोण आहे, हे विचारायला कॅमेऱ्याला सवड नाही.

२०२५ साली जेम्स गनचा 'सुपरमॅन' आला. त्यात शेजाऱ्यावर चाल करून जाणाऱ्या देशाचं नाव बोराव्हिया आहे, आणि हे नाव १९३९च्या चित्रकथेतलं. सुपरमॅन हा स्थलांतरित आहे असं दिग्दर्शक म्हणाला, तर अमेरिकेत वाद पेटला. पाळण्यात घालून दूर पाठवलेल्या बाळाची गोष्ट लिहिणाऱ्यांच्या घरी हजरत मूसांची कथा होती, आमच्याही घरी आहे. त्यात वाद घालण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

या चित्रपटात एक फलाफल विकणारा फेरीवाला आहे, नाव मलिक अली. जमिनीवर आपटलेल्या सुपरमॅनला तो हात देऊन उठवतो. पुढे लेक्स लूथर त्याच्या डोक्याला पिस्तूल लावतो, आणि कोठडीत जखडलेल्या सुपरमॅनच्या डोळ्यांदेखत तो मरतो. पडद्यावर तो असतो मोजकी मिनिटं. पण त्याला नाव आहे, चेहरा आहे, धंदा आहे. तिसऱ्या अंकातला तो अधू झालेला मजूर मला त्याच्यात दिसला.