तात्पुरता कामगार : प्रकार आणि निवड

तात्पुरता कामगार : ज्या कामाचा शेवट आधीच ठाऊक आहे किंवा ज्याची गरज अधूनमधूनच पडते, अशा कामासाठी नेमलेला कामगार. महाराष्ट्रातील उद्योगव्यवसायांत बदली, हंगामी, ठराविक मुदतीचा, कंत्राटी, रोजंदार, शिकाऊ उमेदवार आणि माथाडी हे त्याचे परिचित प्रकार आहेत. यांपैकी कोणता निवडावा, हे काम कशामुळे संपणार यावरून ठरते. रजेवरचा माणूस परतणार, हंगाम सरणार की आलेली मागणी पुरी होणार? मालकाजवळ याचे उत्तर नसेल, तर ते काम कायमचे आहे आणि त्यावर कायम माणूसच नेमला पाहिजे.

बदली कामगाराची प्रथा मुंबईच्या कापड गिरण्यांत रुजली. गैरहजर कामगाराच्या मागावर किंवा साच्यावर त्या दिवसापुरता दुसरा माणूस लावला जाई. पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात जमलेल्यांतून जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, माणसे निवडत असे. त्यामुळे वशिला आणि दस्तुरी यांना वाव मिळे. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली नियंत्रण योजना आणली. निवडक माणसांना महिन्याच्या आरंभी बदली कार्ड देऊन त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे, असा तिचा नियम होता. तरीही वर्षानुवर्षे बदलीच राहिलेल्या कामगारांचा मोठा वर्ग गिरण्यांत तयार झाला आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. आजच्या व्यवसायालाही या इतिहासातून निकष मिळतो : बदली माणूस गैरहजेरीपुरता घ्यावा. गैरहजेरी रोजचीच असेल, तर मुळात माणसे कमी नेमलेली आहेत. २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेसारखी लांब व निश्चित अनुपस्थिती असेल, तर रोज बोलावण्याच्या बदलीपेक्षा लेखी, मुदतीची नेमणूक दोघांच्याही सोयीची ठरते.

माणसाला बदली किंवा तात्पुरता ठेवण्याला महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनी आकड्यांची मर्यादा घातली. मागील बारा महिन्यांत हंगामी आस्थापनेत १९० दिवस आणि इतरत्र २४० दिवस अखंड सेवा झालेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करावे, अशी ती तरतूद. ही मर्यादा टाळण्यासाठी मध्येच काही दिवसांचा ‘ब्रेक’ देऊन त्याच माणसाला त्याच कामावर पुन्हा घेण्याची रीत अनेक ठिकाणी पडली. ती अन्यायाची आहे. कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने एखाद्याला वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता ठेवणे ही १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार अनुचित कामगार प्रथा आहे.

हंगामी कामगाराचे नमुनेदार क्षेत्र म्हणजे साखर कारखाना. गाळप साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. कारखान्याच्या पटावरचे हंगामी कामगार दर गाळपाला तेच असतात आणि बंद काळात त्यांना रिटेन्शन भत्ता मिळतो. दरवर्षी परतणारे कुशल हात हवे असलेल्या व्यवसायाने ही पद्धत अभ्यासावी, कारण नवा माणूस शिकवण्याचा खर्च वाचतो आणि कामगारालाही पुढच्या हंगामाची शाश्वती राहते. त्याच कारखान्याला ऊस पुरवणारा तोडणी कामगार मात्र या पटावर नसतो. तो मुकादमाकडून उचल घेऊन जोडीदारासह, म्हणजे एक ‘कोयता’ म्हणून, बीडसारख्या जिल्ह्यांतून येतो आणि उचल फिटेपर्यंत बांधलेला राहतो. हंगाम एकच; पण एकाला भत्ता आणि दुसऱ्याला कर्ज, इतका फरक नेमणुकीच्या प्रकाराने पडतो.

कंत्राटी कामगार ठेकेदाराचा नोकर असतो, पण राबतो मुख्य मालकाच्या जागेत. हा प्रकार सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत जास्त चुकीचा वापरला जातो. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता ५० किंवा अधिक कंत्राटी कामगारांच्या आस्थापनेला लागू होणाऱ्या तरतुदींत गाभ्याच्या कामावर कंत्राटी कामगार लावण्यास मनाई करते. अपवाद आहेत : ते काम एरवीही ठेकेदारामार्फतच होत असेल, दिवसाच्या बहुतांश वेळेसाठी पूर्णवेळ माणूस लागत नसेल, किंवा कामाचा बोजा एकाएकी वाढून ते ठरावीक मुदतीत पुरे करायचे असेल. साफसफाई, पहारा, उपाहारगृह, चढ-उतार ही कामे साधारणतः गाभ्याबाहेरची मानली जातात. ठेकेदाराने मजुरी थकवली, तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. म्हणून स्वस्त निविदा पाहून ठेकेदार निवडणे धोक्याचे असते. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा यांची बेरीजही ज्या दरात बसत नाही, त्यातली तूट कामगाराच्या खिशातूनच भरली जाणार.

साठ गाड्यांची मागणी, नव्या यंत्राची उभारणी, निर्यातीचा एखादा मोठा करार अशा कामांना ठराविक मुदतीचा कामगार योग्य. ही नेमणूक थेट आणि लेखी असते. मध्ये ठेकेदार नसतो. तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतके वेतन व लाभ त्याला द्यावे लागतात. मुदत संपून नेमणूक संपली, तर ती कामगारकपात ठरत नाही. नव्या श्रमसंहितांनुसार एका वर्षाच्या सेवेनंतर त्याला प्रमाणशीर उपदान मिळते. पूर्वी त्यासाठी साधारणतः पाच वर्षे लागत. काम खरोखर मुदतीचे असेल, तर सरळपणात हा प्रकार कंत्राटाहून उजवा आहे.

शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनेने एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचे असतात. शिकवायला कुशल कारागीर आणि वेळ दोन्ही असतील, तरच ते घ्यावेत. विद्यावेतनावर उत्पादन काढून घेणे हा त्या मुलांचा घात आहे.

गोदामे, बाजार समित्या आणि वाहतूक यांतील ओझ्याच्या कामासाठी महाराष्ट्रात वेगळी वाट आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. योजना लागू असलेल्या क्षेत्रात मालक आणि कामगार दोघांची माथाडी मंडळाकडे नोंदणी होते. मालक मजुरी व त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो आणि त्यातून निधी, रजा, बोनस यांची तरतूद होते. माणूस आज एका गाळ्यावर, उद्या दुसऱ्यावर. तरी त्याची सेवा मंडळाच्या वहीत सलग राहते.

बांधकामावर नाक्यावरून रोजंदार आणण्याची रीत आहे. दोन दिवसांच्या भरावासाठी किंवा राडारोडा उचलण्यासाठी ती ठीक. मालकाने किमान हजेरीची नोंद ठेवावी आणि मागितल्यास कामाचे प्रमाणपत्र द्यावे, कारण बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करण्यासाठी मागील वर्षातील ९० दिवसांचे काम दाखवावे लागते.