भिवंडीतील गोदाम-व्यवसाय

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी परिसरात चालणारा मालसाठवण व वितरणाचा व्यवसाय. मुंबई-नाशिक महामार्ग आणि मुंबईच्या जकात-हद्दीबाहेरचे स्थान यांमुळे भिवंडी या यंत्रमागांच्या शहराभोवती (पहा : यंत्रमाग) काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली येथे गोदामे वाढली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात संपली. त्यामुळे विखुरलेल्या गाळ्यांऐवजी मोठी, उंच छताची गोदामे सोयीची ठरली. गोदामात कामगाराचा बराच वेळ माल शोधत चालण्यातच जातो. म्हणून जास्त खपाचा माल दाराजवळ, कमरेच्या उंचीवर ठेवणे हा उत्पादकतेचा सर्वांत स्वस्त उपाय होय; बारकोडने जागेची नोंद आणि ट्रकच्या हौद्याशी समतल धक्का हे त्यापुढचे. चढउतार करणाऱ्या हमालांच्या कामाचे नियमन १९६९ च्या कायद्याने होते (पहा : माथाडी कामगार).