बुरशी, घरातील

घराच्या भिंती, छत, लाकूड, कापड, चामडे, कागद यांवर ओलीमुळे वाढणारी सूक्ष्म कवके. ॲस्परजिलस, पेनिसिलियम व क्लॅडोस्पोरियम ही त्यांतील नेहमीची. त्यांचे बीजाणू हवेत बारमाही असतात आणि लाकूड, कागद, धूळ हे खाद्यही प्रत्येक घरात असते. वाढ अडते ती केवळ पाण्यावाचून. म्हणूनच कोकणात पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांपुढे गेली, की ट्रंकेतले कपडे आणि कपाटातल्या चपला बुरसतात, एरवी सहसा नाही. बुरशीचा प्रश्न मुळात ओलीचा आहे. तिचा वास आणि प्रकृतीवरील परिणाम यांचा उलगडाही तेथूनच होतो.

कुबट वास हा वाढत्या बुरशीने सोडलेल्या बाष्पनशील संयुगांचा असतो. १-ऑक्टेन-३-ऑल हे त्यांपैकी एक. मातकट वासाचे जिओस्मिन काही कवके आणि स्ट्रेप्टोमायसिस हे जीवाणूही तयार करतात. अशी काही संयुगे नाकाला अत्यल्प प्रमाणातही जाणवतात, त्यामुळे वासाच्या उग्रतेवरून अपायाचे माप काढता येत नाही. तरी वास दुर्लक्षण्याजोगा नव्हे. कपाटामागे किंवा छताच्या पोकळीत, डाग न दिसणाऱ्या जागी ओल मुरल्याची ती खूण असू शकते. उलट, वाळलेल्या बुरशीला फारसा वास नसला, तरी तिच्या कणांनी ॲलर्जी होऊ शकते.

दमट, बुरसटलेल्या घरांचा खोकला, श्वासातील घरघर आणि दम्याशी संबंध असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये दिला; मात्र बुरशीची सुरक्षित मर्यादा आकड्यात सांगितली नाही. ‘पिढ्यान्‌पिढ्या अशाच घरांत माणसे राहिली’ हा आक्षेप म्हणून अपुरा ठरतो: त्रास सर्वांना सारखा होत नाही. दमेकरी, ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले यांना धोका अधिक. दुसरे टोक ‘काळ्या विषारी बुरशी’च्या भीतीचे. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे १९९०च्या दशकात तान्ह्या मुलांच्या फुफ्फुसांतील रक्तस्रावाशी स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीचा संबंध जोडला गेला. २००० साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या फेरतपासणीत तो सिद्ध झाला नाही. काळा रंग अनेक निरुपद्रवी कवकांनाही असतो, म्हणून रंगावरून घाबरण्यात किंवा जात शोधण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. कोणतीही बुरशी काढायचीच असते. डागावर नवा रंग चढवल्यास तो पोपडे धरून निघतो. गळती बुजवणे, भिजलेल्या वस्तू एक-दोन दिवसांत वाळवणे, न्हाणीघर व स्वयंपाकघरातील वाफ बाहेर काढणे आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवणे हेच टिकाऊ उपाय होत.